इष्काची बाग कुणाची?

मुसलमानाने मराठीत काय लिहावे याची एक अलिखित यादी आहे. दंगल लिहावी, तलाक लिहावा, बेकारी लिहावी, मोहल्ल्यातली तुंबलेली गटारे लिहावीत. असे लिहिले की संपादक पाठ थोपटतात आणि समीक्षक 'दाहक' हा ठरलेला शब्द वापरून मोकळे होतात. हे सारे लिहायलाच हवे. त्याच्याशी आमचे भांडण नाही. १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले ते या दुखण्यांना मराठीत तोंड फुटावे म्हणूनच. परंतु त्याच लेखकाने बागेत बसलेल्या दोन जिवांवर लिहायला घेतले, की दोन दिशांनी भुवया वर जातात. बाहेरचे म्हणतात, हे तुमचे अनुभवविश्व नव्हे. घरातले म्हणतात, हे आपल्याला शोभत नाही. मुसलमानाचा इष्क बाहेरच्यांच्या लेखी ऐयाशी, घरातल्यांच्या लेखी गुनाह. अलीकडे तिसरेही मत निघाले आहे, की तो इष्क नसतोच, कट असतो.

या तिघांशीही आम्हांला भांडायचे आहे. साक्षीला मात्र एक परके चित्र बोलवायचे आहे.

आम्ही चेंबूरचे पाच-सात जण महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमतो, वाचतो, वाद घालतो. अशाच एका बैठकीत कुणीतरी युरोपातल्या छापचित्रांचे एक जाडजूड पुस्तक आणले. त्यात सतराव्या शतकातली, म्हणजे ज्या शैलीला 'बरोक' म्हणतात त्या काळातली चित्रे होती. वळणे, झळाळी, हालचाल आणि थोडेसे नाटक हा या शैलीचा स्वभाव. पानामागून पान बागा: कारंजी, खांबांचे मंडप, रेशमी कपड्यांतल्या बायका, टोपी हातात घेऊन वाकलेले पुरुष. अब्राहम बॉस नावाच्या फ्रेंच कारागिराने तर १६२९ साली 'फ्रेंच सरदारांची बाग' अशा नावाची चित्रमालाच तांब्याच्या पत्र्यावर आम्लाने कोरून छापली. त्यात बाग जितकी आहे त्याहून अधिक कपड्यांचा दिमाख आहे. पण नजर ठरली ती दुसऱ्याच चित्रावर.

ते चित्र अँटवर्पचे, म्हणजे आजच्या बेल्जियममधले. पीटर पॉल रुबेन्स हा त्या शहराचा आणि त्या काळच्या युरोपचा सर्वांत नावाजलेला चित्रकार. १६३० साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्याने हेलेना फूरमेंट या सोळा वर्षांच्या मुलीशी दुसरे लग्न केले. त्यानंतर तीनेक वर्षांत त्याने 'प्रेमाची बाग' रंगवली. बागेत जोडपी बसली आहेत, कुणी कुजबुजते आहे, कुणी संगीत ऐकते आहे, आणि डाव्या कडेच्या एका लाजणाऱ्या बाईला पंखवाले कामदेवाचे पोर पाठीमागून ढकलते आहे: जा ना पुढे! हे रंगचित्र पुढे स्पेनचा राजा चौथा फिलिप याच्या शयनगृहात लागले. आज ते माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे आणि जगभरची माणसे तिकीट काढून ते बघायला जातात.

रुबेन्स एवढ्यावर थांबला नाही. हाच विषय त्याने दोन मोठ्या कागदांवर पुन्हा रेखाटला आणि ख्रिस्टोफेल येगर या कारागिराकडे दिला. येगरने त्यावरून लाकडाचे ठसे कोरले. रेघ तेवढी उंच ठेवायची, बाकीचे लाकूड काढून टाकायचे, उंचवट्यावर शाई फासायची आणि कागद दाबायचा. आपल्याकडचे छिपे कापडावर ठसे उमटवत आले, तीच ही विद्या. दोन कागद शेजारी लावले की बाग पुरी होते. उजव्या कागदावर लपवलेल्या कारंज्याचे पाणी अंगावर उडून बायका दचकल्या आहेत. राजाचे रंगचित्र एकच, ते राजाच्याच भिंतीवर. ठशाच्या प्रती मात्र हव्या तितक्या निघतात. अँटवर्पच्या कापडव्यापाऱ्याच्या घरातही ती बाग गेली. दरबारातले प्रेम बाजारात आले, आणि बाजारात आले म्हणून ते युरोपातल्या साध्या माणसाला आपले वाटू लागले.

आता वाचकहो, त्याच शतकात आपल्याकडे काय चालले होते ते बघू. येगर लाकूड कोरत होता त्याच सुमारास, १६३३ ते १६३६ च्या दरम्यान, अहमदनगरची निजामशाही शेवटचे आचके देत होती. विजापूर अजून उभे होते. त्या दरबारात कॉर्नेलिस हेडा नावाचा हार्लेमचा डच चित्रकार १६१० पासून बारा वर्षे, मरेपर्यंत, इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या पदरी राहून गेला होता. त्याच विजापुरात १६५७ साली नुसरती या शायराने आपली दख्खनी मसनवी पुरी केली. तिचे नाव 'गुलशन-ए-इष्क'. मराठीत सांगायचे तर प्रेमाची बाग. रुबेन्सने रंगवलेल्या बागेचेही नाव हेच. दोघांनी एकमेकांचे नावही ऐकले नसेल.

या मसनवीचा नायक मनोहर आणि नायिका मधुमालती. कथा मूळची उत्तरेतली. मंझन या सूफी कवीने ती १५४५ मध्ये अवधीत सांगितली होती. नुसरतीने ती दख्खनमध्ये आणून दख्खनच्या मातीत लावली. मसनवीच्या रिवाजाप्रमाणे आधी हम्द, मग नात, म्हणजे अल्लाहची आणि पैगंबरांची स्तुती, आणि मगच बागेचे दार उघडते. मधुमालतीची आई रागाच्या भरात तिला पक्षी करून टाकते आणि मनोहर तिच्यासाठी रानोमाळ हिंडतो. चेंबूरच्या उरल्यासुरल्या जुन्या बंगल्यांच्या कुंपणावर संध्याकाळी जो पांढरा-गुलाबी वेल फुलतो त्यालाही आपण मधुमालतीच म्हणतो. तिच्यावर मुसलमान शायराने एक अख्खे काव्य रचले आहे, हे आपल्या मुलांना कुणी सांगितले आहे काय?

आणि भाषा? दख्खनी म्हणजे उर्दूची गावठी बहीण, असे लखनौवाल्यांनी आपल्याला शिकवले आणि आपण ते मान खाली घालून मान्य केले. या भाषेत 'नक्को' आहे, तो मराठीचा 'नको'. या भाषेत शब्दाच्या शेपटीला लागणारा 'च' आहे, तो शुद्ध मराठीचा. दख्खनच्या प्रेमिकांना एकमेकांना लाडाने 'नको' म्हणायचे तर शब्द मराठीतून घ्यावा लागला. मराठी आणि मुसलमान यांचा संबंध शोधायला निघालेल्यांनी एवढा एक 'नको' लक्षात ठेवला तरी पुष्कळ झाले.

पण १६५७ चे विजापूर म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे काय येते? दोन वर्षांनंतरचा प्रतापगड. बस्स, दुसरे काही नाही. प्रतापगड घडला, तो इतिहास आहे, आणि शिवाजी महाराजांच्या पराक्रमाबद्दल आमच्या मनात दुजाभाव नाही. नुसरतीनेही पुढे 'अलीनामा'त लढाया लिहिल्याच. पण एका दरबारातून एकच खान बाहेर पडावा आणि त्याच दरबारातला शायर चारशे वर्षे दाराआडच राहावा, हा कुठला न्याय? आमच्या पाहण्यातल्या इतिहासाच्या पुस्तकांत दख्खनच्या सुलतानांची बाग आली की विशेषणे ठरलेली: विलासी, रंगेल, ऐषआरामी. पाठोपाठ जनानखाना. आणि रुबेन्स आला की तो 'जीवनाचा उत्सव' होतो. सोळा वर्षांच्या मुलीशी त्रेपन्नाव्या वर्षी लग्न करून तिच्या रूपात बाग फुलवणारा हा चित्रकार सुलतान असता, तर त्याच्यावर केवढे प्रकरण लिहिले गेले असते, याची कल्पना वाचकांनीच करावी. रुबेन्सला खाली ओढण्यात आम्हांला रस नाही. त्याची बाग आम्हांला आवडते. आमचे म्हणणे एवढेच की तराजू एक ठेवा.

तराजूची गोष्ट निघाली आहे म्हणून युरोपीयांचीच एक साक्ष काढतो. रेम्ब्राँट हा हॉलंडचा चित्रकार बरोक काळातला सर्वांत मोठा छापचित्रकार मानला जातो. त्याच्याजवळ हिंदुस्थानातून डच जहाजांनी आलेली मोगल लघुचित्रे होती, किंवा निदान ती त्याच्या हाताखालून गेली होती; त्यांवरून त्याने स्वतः काढलेली वीसहून अधिक रेखाटने आज उरली आहेत. त्यांतल्या एकात झाडाखाली चार दाढीवाले बुजुर्ग गालिच्यावर बसून गप्पा करत आहेत. मूळ मोगल चित्र व्हिएन्नाच्या शोनब्रुन राजवाड्याच्या भिंतीत आहे. १६५६ साली रेम्ब्राँटने तांब्याच्या पत्र्यावर हजरत इब्राहिमच्या घरी आलेल्या फरिश्त्यांचे चित्र कोरले, तेव्हा त्याने ती बैठक उचलून आपल्या चित्रात मांडली. अँम्स्टरडॅममध्ये बसून बायबलातली मेहमाननवाजी दाखवायची तर हिंदुस्थानी मुसलमानांची झाडाखालची बैठक त्याला सर्वांत शोभून दिसली. रेम्ब्राँटला जे कळले ते आमच्या पाठ्यपुस्तकवाल्यांना अजून कळायचे आहे.

देवाणघेवाण दुसऱ्या बाजूनेही होतच होती. १५८० मध्ये गोव्याहून निघालेले जेझुइट पाद्री फत्तेपूर सिक्रीला पोहोचले, तेव्हा त्यांनी अँटवर्पला छापलेले, कोरीव चित्रांचे बायबल अकबराला नजर केले. जहांगीरच्या चित्रसंग्रहाच्या पानांच्या हाशियांत युरोपीय छापचित्रांवरून उतरवलेल्या आकृत्या आहेत. त्या संग्रहाचे नावही 'मुरक्का-ए-गुलशन', बागच पुन्हा. तो आता तेहरानला आहे. थोडक्यात, ज्या बागेला आपण परकी समजतो तिच्यात आपले लोक पूर्वीच फिरून आले होते. कुणाचा मजहब त्याने बुडाला नाही.

आता घरातल्या मंडळींकडे वळू. त्यांना वाटते, चित्र, बाग, प्रेम ही दरबारी थेरं आहेत आणि दीनदार माणसाने त्यांपासून दूर राहावे. त्यांच्यासाठी दुसरी साक्ष पुण्याची आहे. सदाशिव पेठेतल्या भारत इतिहास संशोधक मंडळात 'तारीफ-ए-हुसेनशाही' या फारसी काव्याची सचित्र हस्तलिखित पोथी आहे. आफताबी नावाच्या कवीने अहमदनगरच्या पहिल्या हुसेन निजामशहाच्या स्तुतीसाठी ती १५६५ च्या सुमारास रचली. दख्खनी चित्रकलेच्या सर्वांत जुन्या नमुन्यांत तिची गणना होते. मूळ चौदा चित्रांपैकी बारा उरली आहेत. त्यांतले एक बागेचे. सुंदर स्त्रीचा स्पर्श होताच झाड फुलून येते, असे ते चित्र. हा 'दोहद' संस्कृत काव्यातला जुना संकेत. आपला 'डोहाळे' हा शब्द त्याच दोहदातून आला. म्हणजे पाहा: सुलतान मुसलमान, कवी फारसी, झाड संस्कृत आणि शब्द तुमच्या-आमच्या घरातल्या डोहाळजेवणाचा. एका पानावर एवढे सगळे सुखाने नांदत होते.

त्या पोथीत सुलतानाशेजारी त्याची बेगम खुंझा हुमायूँ बसलेली होती. चाँदबिबीची ही आई. राजाच्या शेजारी राणी, तीही इतकी जवळ, दरबारी चित्रांत सहसा दिसत नाही. होती म्हणायचे कारण असे की बहुतेक चित्रांतून तिला नंतर रंग फासून पुसून टाकले आहे. १५६५ मध्ये हुसेन वारला, मुलगा मुर्तझा लहान म्हणून तिने राज्य चालवले, आणि १५६९ च्या सुमारास त्याच मुलाने तिला कैद केले. तिचा चेहरा त्यानंतर पुसला गेला असावा, असे अभ्यासक मानतात. पुण्याच्या पंडितांनी तो पुसला नाही. उलट ग. त्र्यं. कुलकर्णी आणि म. श्री. माटे या मराठी विद्वानांनी १९८७ साली ही पोथी भाषांतरासह छापून आपल्या हाती दिली. पुसणारा हात घरातलाच होता. ज्यांना मुसलमानांच्या बागेतून बाई काढून टाकायची घाई झाली आहे त्यांनी आपले पूर्वज नीट ओळखून घ्यावेत. ते धर्मनिष्ठ नव्हते, ते गादीसाठी आईला कैदेत टाकणारे होते.

चित्र जायज की नाजायज हा फतवा देण्याचा आमचा अधिकार नाही आणि हौसही नाही. पण आमच्या नाक्यावर हजला निघालेल्यांच्या, ईदच्या शुभेच्छा देणाऱ्या नगरसेवकांच्या आणि त्यांच्या भाच्या-पुतण्यांच्या फोटोंचे फ्लेक्स वाऱ्यावर फडफडत असतात, तेव्हा हा प्रश्न कुणाला पडत नाही. तो पडतो फक्त नुसरती आणि खुंझा हुमायूँच्या वेळी.

याहून गंभीर आक्षेप आमच्याच बैठकीत निघाला, आणि तो निघाला एका ओबीसी कार्यकर्त्या मित्राकडून. तो म्हणाला, सुलतान आणि सरदारांच्या प्रेमाचे कौतुक आम्ही कशाला करायचे? आमचे पूर्वज त्या बागेत प्रेम करायला गेले नव्हते, पाणी घालायला गेले होते. या आक्षेपाला हसून उडवता येणार नाही. पण तो नीट उलगडला की आमच्याच बाजूचा निघतो. महाराष्ट्रातल्या मुसलमानांची आडनावे वाचा: बागवान, अत्तार, मणियार, रंगरेज, तांबोळी, पिंजारी, मोमीन. बागवान म्हणजे बाग राखणारा. अत्ताराने अत्तर काढले, मणियाराने बांगड्या भरल्या, रंगरेजाने ओढणी रंगवली, मोमीनाने ती विणली, तांबोळ्याने विडा लावला. त्या चित्रातल्या बेगमेच्या अंगावरून या सगळ्यांची कमाई काढून घेतली तर तिथे काय उरेल? सुलतान गेले, त्यांच्या बागा कोरड्या पडल्या. अहमदनगरच्या फराहबागेत, १५८३ साली पुऱ्या झालेल्या अष्टकोनी महालाभोवतीच्या तलावात आता पाणी नाही. २०२४ मध्ये शहराचे नावही बदलले, आता ते अहिल्यानगर आहे. बागवान मात्र अजून मंडईत बसला आहे. बागेवर हक्क सांगायला त्याच्याइतका लायक वारस दुसरा कोण?

आणि प्रेमाचे गाणे फक्त दरबाराने गायले, हेही खोटे आहे. उत्तर पेशवाईतला शाहीर सगनभाऊ जातीने मुसलमान शिकलगार, हत्यारांना धार लावणाऱ्यांच्या घरातला. त्याने मराठीत शृंगाराच्या लावण्या रचल्या आणि अवघ्या महाराष्ट्राने त्या ऐकल्या. मराठी मुसलमानाने इष्कावर बोलायला तेव्हा कुणाची परवानगी घेतली नव्हती.

मग गाडी अडली कुठे? आमच्या मते, छापण्यापाशी. येगरच्या ठशाने रुबेन्सची बाग घराघरांत गेली. आमची बाग एकेका पोथीतच राहिली, पोथी एकेका अमीराच्या कपाटात राहिली, आणि अमीर गेला तशी ती विकली गेली. 'गुलशन-ए-इष्क'ची १७४३ सालची सत्याण्णव चित्रांची एक अप्रतिम पोथी आज अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या संग्रहालयात आहे. १९४५ साली ती तिथे दान म्हणून आली. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या दगडी छापखान्यांतून सचित्र फारसी पुस्तके निघून थेट इराणपर्यंत जात होती, म्हणजे यंत्र होते, कारागीर होते, गिऱ्हाईकही होते. १८९४ मध्ये राजा रविवर्म्याने गिरगावात छापखाना घातला, आणि बागेत पत्र लिहिणारी शकुंतला, हंसाशी बोलणारी दमयंती महाराष्ट्राच्या ओसरीवर आल्या. त्या आल्या म्हणून हिंदू मध्यमवर्गाला प्रेम घरात टांगण्याजोगे, सोवळे वाटू लागले. मधुमालती कुणी छापली नाही. आपल्या भिंतीवर मक्का-मदिनेच्या चित्राशेजारी जागा रिकामीच राहिली.

ती जागा भरून काढली चेंबूरने, आणि हे आम्ही स्थानिक अभिमानाने सांगत नाही (थोडा असेलही). १९४८ साली उभ्या राहिलेल्या आर. के. स्टुडिओचे बोधचिन्ह 'बरसात' या १९४९ च्या सिनेमातल्या प्रसंगावरून घेतलेले: एका हातात व्हायोलिन, दुसऱ्या हातावर रेललेली प्रेयसी. ती प्रेयसी नर्गिस. त्याच सिनेमात गाणी लिहून पुढे आला तो हसरत जयपुरी. सायन-ट्रॉम्बे रस्त्यावरच्या त्या फाटकावर वर्षानुवर्षे हे प्रेमी जोडपे उभे होते आणि त्याची भित्तिचित्रे गावोगावच्या भिंतींवर चिकटत होती. रुबेन्सच्या ठशाचे काम या पोस्टरने केले. शेरवानीतला नायक आणि घरारा घातलेली नायिका बागेत भेटणारे 'मुस्लिम सोशल' सिनेमे सगळ्या देशाने पाहिले. तिथे मुसलमानाचा इष्क चालला, नव्हे, तिकीटबारीवर रांगा लागल्या. मराठी साहित्यात तोच इष्क पाऊल टाकू लागला की अनुभवविश्वाचा प्रश्न निघतो! २०१७ मध्ये स्टुडिओला आग लागली, २०१९ मध्ये जागा विकली गेली आणि आता तिथे इमारतींचा जमाना आहे.

आता तिसऱ्या मताकडे. डिसेंबर २०२२ मध्ये राज्य सरकारने आंतरधर्मीय विवाहांची माहिती गोळा करणारी समन्वय समिती नेमली. फेब्रुवारी २०२५ मध्ये पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली सात जणांची दुसरी समिती नेमली ती 'लव्ह जिहाद' आणि सक्तीचे धर्मांतर यांविरुद्ध कायदा कसा करावा हे ठरवण्यासाठी. फसवणाऱ्याला, जबरदस्ती करणाऱ्याला शिक्षा झालीच पाहिजे. तो कुठल्याही धर्माचा असो. परंतु प्रेमाच्या आधी धर्माचा रकाना भरून घेणारे सरकार बागेत पोलीस बसवते, माळी नव्हे. आमच्या भागातल्या बागांतून संध्याकाळी बाकावर बसलेल्या पोरापोरींना नाव विचारले जाते. नाव ऐकून विचारणाऱ्याचा आवाज बदलतो, हे आम्ही ऐकले आहे. ज्या मुलाचे नाव ऐकून आवाज बदलतो त्याच्या मागे फक्त दंगलीच्या बातम्या उभ्या असतात. मनोहर-मधुमालतीची कहाणी सांगणारा नुसरती त्याच्या मागे उभा आहे, हे विचारणाऱ्याला माहीत नाही. दुःख याचे की त्या मुलालाही माहीत नाही.

आणि आपल्या मुलीने मोहल्ल्याबाहेर मन दिले तर आपली जमात काय वेगळे करते? तिथे समिती नेमायला सरकारही लागत नाही. दोन मामू आणि एक मोटारसायकल पुरते. ज्यांना सरकारच्या समितीविरुद्ध बोलायचे आहे त्यांनी आधी ही मोटारसायकल घरी उभी करावी. खुंझा हुमायूँवर रंग फासणारा ब्रश अजून सुकलेला नाही.

आम्हांला काय हवे ते स्पष्ट सांगतो, म्हणजे नुसता त्रागा केला असा आरोप येणार नाही. आपल्या साहित्य संमेलनांत दरवर्षी ठराव होतात. एक ठराव 'गुलशन-ए-इष्क' मराठी भाषांतरासह, देवनागरीत, चित्रांसकट छापण्याचा व्हावा, आणि किंमत बागवानाच्या पोराला परवडेल अशी असावी. दख्खनीची ओळख उर्दूच्या वर्गात शेवटच्या तासाला उरकू नये. दोहदाचे ते झाड मोठ्या आकारात छापून आपल्या शाळांच्या ग्रंथालयांत लावावे. मुख्याध्यापकांनी संस्थाचालकांची भीती वाटत असेल तर खाली 'ऐतिहासिक चित्र' असे लिहावे. ते खोटेही नाही. मराठी मासिकांच्या संपादकांनी आमच्या नव्या मुलामुलींकडून एकदा तरी प्रेमकथा मागवावी, आणि ती आली की तिच्यात दंगल कुठे आहे असे विचारू नये.

आणि एक काम प्रत्येकाच्या घरचे. आपल्याकडे लग्नपत्रिका छापायला टाकतात तेव्हा छापखानेवाला नमुन्यांची वही पुढे करतो. तीत चाँद-तारे असतात, सोनेरी कमानी असतात आणि कुठल्या देशातले ते ठाऊक नाही असे गुलाब असतात. पुढच्या खेपेला त्याला वही मिटायला सांगा आणि नगरच्या पोथीतले ते फुललेले झाड पत्रिकेवर छापायला सांगा. ठसा करायला फार खर्च येत नाही.